जुनं लढाऊ विमान सापडलं तर कामाला हात कुठून घालायचा? शोधापासून उड्डाणापर्यंतचा क्रम

जुन्या लढाऊ विमानाच्या मागे लागलेली बरीच मंडळी पहिल्याच दिवशी हातात पाना घेतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. गंजलेला बोल्ट तोडला, वरचा रंग खरवडला, "निरुपयोगी" म्हणून दोन पोती भंगारात घातली, आणि सहा महिन्यांनी कळतं की विमान नेमकं कुठलं हे सांगणारी पाटी त्या पोत्यातच होती. हे पुन्हा पुन्हा होतंय म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून ठेवतोय. यातल्या बऱ्याच गोष्टी एकदा केल्या की परत फिरवता येत नाहीत, त्यामुळे टप्पे पुढेमागे करू नका.

उदाहरणाला मुख्यतः एकच विमान धरलंय, हॉकर हरिकेन जातीचं ब्रिटिश लढाऊ विमान, नंबर आर४११८, कारण ते आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात पडून होतं. ग्लॉस्टर कंपनीने बांधलेलं हे विमान ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६०५ स्क्वॉड्रनकडे आलं, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये (१९४० ची जर्मनीविरुद्धची हवाई लढाई) लंडनजवळच्या क्रॉयडनवरून ४९ वेळा मोहिमेवर गेलं, पाच शत्रूविमानं पाडल्याचं श्रेय त्याला दिलं जातं, पुढे ट्रेनिंगला वापरलं गेलं, मग जहाजाने भारतात आलं आणि १९४७ साली इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकायला म्हणून विद्यापीठाला देण्यात आलं. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात भारतात फिरणारे पीटर व्हॅचर तिथे पोचले तेव्हा ते उघड्यावर उभं होतं. २००१ मध्ये ते तिथून हललं आणि २३ डिसेंबर २००४ ला परत उडालं. म्हणजे बघा, दिसल्यापासून हलेपर्यंत जवळपास एकोणीस वर्षं आणि प्रत्यक्ष दुरुस्तीला त्यामानाने थोडीच. हा हिशोब आधीच डोक्यात असू द्या.

१. आधी ओळख पटवा

शेपटीजवळ रंगवलेला नंबर म्हणजे विमानाची ओळख नव्हे. रंग कोणीही कधीही मारतो. आपल्या हवाई दलाच्या डकोटा या जुन्या मालवाहू विमानाचंच बघा, २०१८ मध्ये इंग्लंडहून दुरुस्त होऊन आलेल्या त्या विमानावर व्हीपी९०५ लिहिलंय, पण तो नंबर २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलेल्या मूळ डकोटाच्या सन्मानासाठी आहे, हे विमान वेगळं. त्यात गैर काहीच नाही, फक्त नुसता रंग वाचून कोणी इतिहास लिहायला बसू नये.

खरी ओळख असते ती कंपनीच्या छोट्या धातूच्या पाट्यांवर, फिटिंगवर ठोकलेल्या आकड्यांमध्ये आणि तपासनिसाच्या शिक्क्यांमध्ये. कॉकपिटच्या आत, फ्रेमच्या सांध्यांवर, पंखाच्या मुळाशी, इंजिनच्या बेडवर टॉर्च तिरका धरून बघा, समोरून उजेड मारला की ठोकलेले आकडे दिसतच नाहीत. पुसायचं झालं तर मऊ ब्रश आणि पाणी, बस. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, युद्धाच्या काळात दुरुस्ती डेपोत एकाचा पंख दुसऱ्याला सर्रास लागायचा, म्हणून पंखावरचा नंबर धडाच्या नंबरशी जुळला नाही तर घाबरू नका, दोन्ही लिहून ठेवा.

मग कागद. ब्रिटिश विमान असेल तर फॉर्म ७८ नावाचं कार्ड, त्यात विमान कुठल्या युनिटला कधी गेलं ते तारखेसकट असतं, ही कार्डं आरएएफ म्युझियमकडे आहेत. त्यानंतर लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधली स्क्वॉड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं, एअर २७ या मालिकेत. यातला फॉर्म ५४० म्हणजे रोजची डायरी आणि फॉर्म ५४१ मध्ये कुठलं विमान, कुठला पायलट, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. लोक फक्त ५४० वाचून सोडून देतात, तुमच्या विमानाचा नंबर मात्र बहुतेक वेळा ५४१ मध्येच सापडतो. अमेरिकन विमान असेल तर त्याचं रेकॉर्ड कार्ड, आणि ते बेपत्ता झालेलं असेल तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट. आपल्याकडच्या कॉलेजातलं विमान असेल तर डेड स्टॉक रजिस्टर (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आधी मागा! विमान कोणी दिलं, कधी आलं, कुठल्या खात्यावर चढवलं हे तिथे मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि ते रजिस्टर ज्या क्लार्कच्या कपाटात आहे त्यांना मान देऊन, चार वेळा जाऊन, धीराने विचारावं लागतं.

तपासा: धातूवरचा एक पुरावा आणि कागदावरचा एक, असे एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे हातात आहेत का? नसतील तर पुढे सरकू नका.

इशारा: ऐकीव गोष्टीवर पैसा लावू नका. ब्रह्मदेशात युद्ध संपताना खोक्यात भरून पुरलेली स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं आहेत अशी गोष्ट वर्षानुवर्षं फिरत होती, जानेवारी २०१३ मध्ये यांगूनच्या विमानतळावर प्रत्यक्ष खोदकामाला लोक गेले, विमान एकही मिळालं नाही. सांगणारे खोटं बोलत होते असं अजिबात नाही, पण आठवणीला कागदाचा आधार नव्हता.

२. मालक कोण आणि परवानगी कोणाची

सापडलं म्हणजे आपलं झालं असं नसतं. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अपघाताच्या जागांना संरक्षण आहे, संरक्षण खात्याच्या लायसन्सशिवाय तिथे खोदायचं नाही. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानुसार बुडालेल्या लष्करी जहाजा-विमानांवरचा सरकारचा हक्क नुसता काळ लोटल्याने जात नाही. आपल्याकडे कॉलेज, संस्था, ग्रामपंचायत यांच्या आवारात उभं असलेलं विमान प्राचार्यांच्या किंवा सरपंचांच्या तोंडी "न्या" म्हणण्याने मिळत नाही, ठराव लागतो, रजिस्टरमधून नोंद कमी करावी लागते, आणि मूळ देणगीच्या पत्रात काही अट होती का तेही बघावं लागतं. लष्करी वस्तू देशाबाहेर न्यायची तर कस्टम्स आणि निर्यात परवान्याचा वेगळा अध्याय, तिथे या विषयातला वकील लागतोच.

आर४११८ ची बोलणी कित्येक वर्षं चालली. पण हा वेळ फुकट गेला असं मी मानत नाही, सगळं कागदावर स्वच्छ असल्यामुळेच पुढे त्या विमानावर कोणी बोट ठेवू शकलं नाही.

इशारा: अवशेषात हाडं, कपडे, बूट, ओळखीचा बिल्ला असं काही दिसलं तर हात मागे घ्या. काम बंद, पोलिसांना कळवा. ते कुणाचं तरी माणूस आहे. हिमालयावरून चीनला सामान नेताना पडलेल्या विमानांतल्या अमेरिकन जवानांसाठी अरुणाचलात त्यांच्या सरकारची पथकं येऊन गेली आहेत.

३. हात लावायच्या आधी धोके शोधा

हरिकेनच्या पंखात आठ मशीनगन असायच्या. गोळ्यांच्या पेट्या रिकाम्याच असतील असं गृहीत धरू नका. काही विमानांत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून रेडिओच्या उपकरणात स्वतःला उडवून देणारा छोटा स्फोटक चार्ज असायचा, तोही आत असू शकतो. ऑक्सिजनच्या बाटल्या, आग विझवायची बाटली, चाकांच्या वरचे शॉक स्ट्रट, या सगळ्यात अजून दाब असू शकतो, स्ट्रटचं झाकण दाब न सोडता फिरवलं तर ते गोळीसारखं सुटतं.

आणि घड्याळं! अंधारात दिसावीत म्हणून डायलवर रेडियमचा रंग असायचा. चमक केव्हाच गेलेली असते पण किरणोत्सर्ग गेलेला नसतो, रेडियमचं अर्धआयुष्य साधारण १६०० वर्षं. काच फुटलेला डायल फुंकरून साफ करणं हे मी पाहिलेल्या चुकांमधलं सगळ्यात वाईट काम. हातमोजे, मास्क, बंद पिशवी, वर चिठ्ठी, आणि मोजणारा माणूस येईपर्यंत तसंच बाजूला. जुना पिवळट-हिरवा प्रायमर बहुधा क्रोमेटचा, म्हणजे विषारी असतो, तो कोरडा घासायचा नाही. फायरवॉलजवळ (इंजिन आणि कॉकपिटमधली आग अडवणारी भिंत) ॲस्बेस्टॉस निघू शकतं, तिथेही हेच.

४. नोंद करा, मगच हलवा

सगळीकडून फोटो, प्रत्येक फोटोत मोजपट्टी. आधी लांबून, मग जवळून, मग प्रत्येक सांधा. प्रत्येक पाईप कुठून निघून कुठे जातो ते वहीत हाताने काढा, फोटोत एकामागे एक गेलेले पाईप कळत नाहीत. विमान जमिनीत असेल तर आसपासच्या तुकड्यांचाही नकाशा करा, काय कुठे पडलंय यावरून अपघात कसा झाला ते समजतं. वेली, मुळं आतून गेलेली असतील तर ओढू नका, तुकडे करून काढा.

तपासा: उद्या दुसऱ्या कोणाला हे काम पुढे न्यायचं झालं तर फक्त तुमची वही वाचून त्याला जमेल का?

५. सोडवणं आणि उचलणं

नियम एकच, कारखान्यात जिथे जोडलं तिथेच सोडवायचं. हरिकेनचे बाहेरचे पंख मधल्या भागापासून सुटे होतात, मधला भाग आणि धड एकत्र राहतं. ट्रकमध्ये बसत नाही म्हणून ग्राइंडरने पंख कापणं हा गुन्हा आहे असंच मी म्हणेन, कारण कापलेला स्पार (पंखाचा मुख्य कणा) म्हणजे गेलेला स्पार.

अडकलेल्या बोल्टला आधी गंज सोडवणारं तेल, रोज थोडं, काही दिवस. तरी नाही सुटला तर बोल्ट ड्रिलने काढा, फिटिंग वाचवा. बोल्ट नवा मिळतो, फिटिंग मिळत नाही. ज्योत लावायची नाही, टाकीत जुन्या पेट्रोलची वाफ असू शकते. उचलताना रुंद कापडी पट्टे आणि वर आडवा बीम, आणि पट्टे मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. प्रोपेलरला दोर बांधून ओढू नका, शेपटी धरून उचलू नका.

अवघड जागी हेच कसं पाळायचं ते ग्रीनलंडच्या पी-३८ वरून शिकण्यासारखं आहे. १५ जुलै १९४२ ला अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं तिथल्या बर्फावर उतरली, माणसं वाचली, विमानं हळूहळू बर्फात गडप झाली. पन्नास वर्षांनी ती सुमारे ८२ मीटर खोल होती. शोधणारे आधी एका बी-१७ पर्यंत पोचले तर ते बर्फाच्या वजनाने चेपलेलं निघालं, मग जास्त मजबूत बांधणीच्या पी-३८ कडे वळले, उष्णतेने बर्फ वितळवत खाली बोगदा नेला, विमानाभोवती गुहा केली आणि १९९२ मध्ये विमान खालीच सुटं करून भाग एकेक करून वर आणले. तेच विमान 'ग्लेशियर गर्ल' या नावाने ऑक्टोबर २००२ मध्ये उडालं. वरून ओढून काढायचा मोह तिथे कोणी केला असता तर हाती पत्रे आले असते.

६. शेडमध्ये आल्यावरचे पहिले दिवस

समुद्रातून आलेलं ॲल्युमिनियम वाळू द्यायचं नाही. मीठ आत राहतं आणि हवा लागली की धातू पापुद्र्यांनी सुटायला लागतो. गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवा, पाणी बदलत राहा, पाण्यातलं क्लोराइड मोजत राहा, आकडा खाली येऊन स्थिर झाला की मगच बाहेर. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचा त्रास वेगळा, पक्ष्यांची विष्ठा, उंदीर-घुशींचं मूत, गांधीलमाशांची मातीची घरं. हे सगळं ओलावा धरतं आणि खालचा धातू खातं, ते आधी हलक्या हाताने काढा.

इशारा: सँडब्लास्टिंग नाही, वायर ब्रश नाही, "जरा बरं दिसावं" म्हणून नवा रंग तर मुळीच नाही. सहारात २०१२ मध्ये सापडलेलं किटीहॉक लढाऊ विमान जवळपास जसंच्या तसं होतं, पुढे अल अलामीनच्या म्युझियममध्ये त्यावर भडक चुकीचा रंग चढला आणि वाळवंटात टिकलेला मूळ पृष्ठभाग त्याखाली गेला. फार वाईट वाटतं ते बघून.

७. उडवायचं की मांडायचं, हे आत्ताच ठरवा

हा निर्णय अर्ध्या वाटेत बदलणारे लोक दोन्हीकडून मार खातात. मांडायचं असेल तर जितकं मूळ तितकं चांगलं, अगदी गोळीचं भोकसुद्धा. उडवायचं असेल तर थकलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो, मग तो कितीही ऐतिहासिक असो. कॅलेच्या किनाऱ्यावर १९४० मध्ये उतरलेलं स्पिटफायर पी९३७४ वाळूतून १९८० मध्ये निघालं आणि २०११ मध्ये उडालं, पण त्यातला बराचसा धातू नवा आहे. आर४११८ ला नशिबाने साथ दिली, ते कोसळलेलं नव्हतं, म्हणून पुष्कळ मूळ भाग वापरता आले. तुमच्याकडचं विमान यातल्या कुठल्या जातीचं आहे ते मन घट्ट करून बघा. माझं मत विचाराल तर आपल्याकडे सापडणाऱ्या विमानांपैकी बहुतेकांना नीट छप्पर आणि जाणकार जपणूक पुरेशी आहे, उडवायचा हट्ट नको. मांडायचंच असेल तर पुढच्या टप्प्यांतलं इंजिन आणि उड्डाणाचं सोडा, बाकीचं तुम्हालाही लागू.

८. खोलणं आणि वर्गवारी

प्रत्येक भागाला धातूचा बिल्ला तारेने बांधा, कागदी चिठ्ठी तेलाने जाते. मग तीन रॅक: परत वापरता येईल ते, नमुना म्हणून ठेवायचं ते, आणि कळत नाही ते. चौथा, फेकायचा रॅक काम संपेपर्यंत नाही. सडलेली लाकडी पट्टी विमानात जाणार नाही, पण नवी करायला माप तीच देते.

ब्रिटिश विमानातले आटे बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे असतात, मेट्रिक पाने बसल्यासारखे वाटतात आणि नटाचे कोपरे खातात. योग्य पान्यांचा सेट आधी जमवा.

९. सांगाडा

वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त इथे जातो. हरिकेनचं धड वेल्डिंगचं नाही. नळ्यांची टोकं दाबून चौकोनी केलेली, दोन्ही बाजूंनी पट्ट्या, आणि बोल्ट-रिव्हेटने जोडलेलं, वर लाकडी फ्रेम आणि पट्ट्या, त्यावर कापड. एखादी नळी तडकली म्हणून गावातल्या वेल्डरकडून टाका मारून घेतला तर तो सांधा विमानाचा राहिलाच नाही. नळी बदलायची, तीही त्याच जाडीच्या आणि ताकदीच्या धातूची, सर्टिफिकेटसकट.

पंखाच्या मधल्या भागातले स्पार त्याहून कठीण. उच्च ताकदीच्या पोलादी पट्टीला रोल करून बहुकोनी नळी केलेली असते, ती करायची यंत्रं युद्धानंतर राहिली नाहीत. आर४११८ चं काम ज्या हॉकर रिस्टोरेशन्सने केलं त्यांना हे तंत्र नव्याने उभं करावं लागलं. म्हणून स्पारची अवस्था सगळ्यात आधी तपासा, इंजिनावर पैसे घालण्याच्या कितीतरी आधी!

क्रम असा: सांगाडा जिगमध्ये (भाग जागच्या जागी धरणारी पक्की चौकट) घट्ट बसवा, सरळ आहे का मोजा, मग एका वेळी एकच नळी काढा आणि बदला. चार नळ्या एकदम काढल्या की सगळं किंचित पिळतं आणि ते पंख लावताना उघडं पडतं. पोलादी फिटिंगला चुंबकीय तपासणी, ॲल्युमिनियमला तडे दाखवणारा रंगीत डाय, आतलं दिसत नसेल तिथे एक्स-रे. पोलादावर कॅडमियम प्लेटिंग केलं तर ठरलेल्या वेळात भट्टीत भाजून घ्या, नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे चांगला दिसणारा बोल्ट भाराखाली काचेसारखा तुटतो.

तपासा: बदललेल्या प्रत्येक भागाला ड्रॉइंग नंबर, मटेरिअलचा कागद आणि सही आहे का?

१०. इंजिन

हरिकेनचं इंजिन मर्लिन, म्हणजे १२ सिलिंडर, २७ लिटर. वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन "फिरतंय का बघू" म्हणून प्रोपेलर ढकलून बघायचं नसतं, रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि त्या ओरखडा काढतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडा, मुरू द्या, छोटा कॅमेरा आत घालून बघा. उडवायचं असेल तर पूर्ण ओव्हरहॉल, त्या इंजिनाचा अनुभव असलेल्या वर्कशॉपमध्येच. ओव्हरहॉल झालेलं इंजिन शेडमध्ये नुसतं पडून राहू देऊ नका, म्हणजे सांगाडा पुरा होत आल्यावरच ते तयार होईल असं वेळापत्रक आखा.

११. कापड आणि रंग

कापड लावायच्या आधी आतलं सगळं पुरं हवं, केबल, पाईप, वायरिंग, तपासनिसाची सही. नंतर आत हात जात नाही. लिननचं कापड ताणून बसवायचं, पंखाच्या रिबला (आतल्या फासळीला) मेणाच्या दोऱ्याने ठरलेल्या अंतरावर शिवायचं, मग कापड आवळणारं डोप नावाचं वार्निशसारखं द्रावण, त्यावर उन्हापासून वाचवणारा चंदेरी थर, शेवटी रंग. चंदेरी थर गाळला तर ऊन कापड खाऊन टाकतं.

पावसाळ्यात डोप मारू नका. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की डोप पांढरं पडतं आणि त्याची ताकद जाते. बंद शेड, आर्द्रता मोजणारं यंत्र, नाहीतर सरळ दिवाळीपर्यंत थांबा. डोप पेट्रोलसारखं पेटतं, आसपास ठिणगी नको.

१२. जमिनीवर, मग हवेत

आधी यंत्रणा एकेक करून: जॅकवर उचलून चाकं आतबाहेर, कंट्रोल पूर्ण फिरतात का आणि बरोबर दिशेला फिरतात का. दांडी डावीकडे नेली तर डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) वर गेला पाहिजे, हे दोन वेगळ्या माणसांनी वेगळं तपासायचं. मग तेलाचा दाब बाहेरून तयार करून घेऊन इंजिनची पहिली सुरुवात, थोडा वेळच, कारण अशी विमानं उभी असताना रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही आणि तापमान भराभर चढतं. अग्निशामक माणूस समोर, शेपटी बांधलेली. बंद करून गळती बघा, परत चालू करा. त्यानंतर हळू टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवणं, मग वेगात.

उड्डाणाची परवानगी ब्रिटनमध्ये सीएए आणि आपल्याकडे डीजीसीए या नागरी यंत्रणांच्या अखत्यारीत. त्यांच्या माणसाला काम संपल्यावर बोलवू नका, टप्पा १ पासून बरोबर घ्या, झाकलेला सांधा त्यांना बघायचा असेल तर तुम्हाला कापड फाडावं लागेल.

पहिलं उड्डाण त्या जातीच्या विमानाचा अनुभव असलेल्या पायलटनेच करायचं, शांत हवेत, विमानतळाच्या डोक्यावर, पाहुणे आणि कॅमेरे न बोलावता. उतरल्यावर लगेच पॅनेल उघडा, तेलाचे फिल्टर काढून पांढऱ्या कापडावर झटका, सेफ्टी वायर आणि बोल्ट परत बघा, पायलटने सांगितलेली प्रत्येक तक्रार त्याच दिवशी लॉगबुकात उतरवा. कापडावर धातूचा कण दिसला तर तो कुठून आला ते कळेपर्यंत विमान शेडमध्येच.